सत्तर किलो गटातलं बाळ

कोल्हापुरात मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या बसण्याची सोय झालेली असते. आजीची मांडी, पणजीची मांडी, आत्याची, मावशीची, समोरच्या काकूंची, आणि बारशाला आलेल्या, पण नक्की कुणाकडून आलेल्या ते शेवटपर्यंत न कळलेल्या त्या एका बाईंची. ही सगळी आसनं फुकट, उबदार, आपोआप हलणारी आणि वर गाणंही म्हणणारी. अशा गावात बाळासाठी हजारो रुपये मोजून प्लॅस्टिकची मांडी आणायची आहे, असं घरात सांगणं म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेताना "जरा पाणी घाला" म्हणण्यापैकी आहे.

सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी मामा. पहिलं बाळंतपण माहेरी, पाळणा आजोळचा, बारसं आजोळचं. या जुन्या यादीत अलीकडं एक नवी वस्तू घुसली आहे. ताई आणि दाजी पुण्यात असतात. दाजी हिंजवडीला जातात, आणि हिंजवडीला जाणाऱ्या प्रत्येकाकडं ती वस्तू असते म्हणे. तिचं नाव ट्रॅव्हल सिस्टीम. नाव ऐकून आईला वाटलं, दाजींनी नोकरी सोडून टूर कंपनी काढली.

तर ही सिस्टीम अशी: खाली चाकांचा सांगाडा, वर कडी धरून उचलायची सीट. गाडीत ती मागं बसवायची, गाडीच्या पट्ट्यानं आवळून नाहीतर तिच्या बेसवर अडकवून. मुक्कामी पोचलं की बाळासकट खट्‌कन काढायची आणि सांगाड्यावर खट्‌कन बसवायची. बाळ झोपलेलं असेल तर झोपलेलंच राहतं. सगळी करामत या दोन खटक्यांत आहे. झोपलेलं तान्हं गाडीतून उचलून घरात नेताना ज्यानं श्वास रोखलाय त्याला खटक्यांचं मोल कळतं. पण दर पंधरा-वीस हजारांपासून सुरू होऊन लाखाच्या आसपास जातो, तेव्हा श्वास पुन्हा रोखावा लागतो.

आणि आमच्या घरात झोपलेलं बाळ झोपलेलंच ठेवावं असं वाटतंय कुणाला? पाहुणा आला की त्याला उठवून दाखवतात. पाहुणा म्हणतो, "कशाला उठवलासा?" आणि दोन्ही हात पुढं करतो.

बाबागाडी ही मुळात मोठ्या लोकांची हौस. १७३३ च्या सुमारास इंग्लंडात विल्यम केंट या बागा आखणाऱ्या गृहस्थानं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक गाडी केली. ती ओढायला बकरं नाहीतर छोटं तट्टू जुंपत. ही कल्पना आपल्याकडं रुजली नाही, याचं कारण तांत्रिक नव्हे. कोल्हापुरात बाबागाडीला जुंपलेल्या बकऱ्यानं येत्या रविवारचा तांबडा रस्सा नक्की बघितला असता, फक्त पातेल्याच्या आतून.

खरेदीला माझ्याबरोबर तात्या आले. तात्या माझे चुलते, शिवाजी उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे. जगात जी वस्तू होते ती उद्यमनगरात निम्म्या पैशात होते, हे त्यांचं मत. त्याला आधार नाही असंही नाही. हे गाव यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं. इथं १९१८ साली बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा घडवला. इथली ऑइल इंजिनं किती गावांच्या विहिरींवर धडधडली. तेव्हा राजारामपुरीतल्या दुकानात शिरल्याबरोबर तात्यांनी सांगाडा उलटा केला, त्यात नवल नव्हतं.

"काका, तो डेमो पीस आहे," सेल्समन म्हणाला.

"म्हणूनच तर बघतोय. चाकात बेअरिंग हाय का नुसतं बुश?"

सेल्समनला रंग विचारणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय. त्यानं करडा, काळा आणि गुलाबी असे तीन रंग सांगितले. तात्यांनी चाक फिरवून कानाला लावलं, शॉकअप दाबून बघितला, सांधे चाचपले आणि माझ्या कानात सांगितलं, "परवा पाइप आणतो. रविवारपर्यंत दोन करून देतो. एक विकू."

मी त्यांना ओवेन मॅक्लारेनची गोष्ट सांगितली. हा इंग्रज इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेवर काम केलेला. म्हातारपणी लेक परदेशातून नातवंडाला घेऊन आली, तिची अवजड बाबागाडी उचलून उचलून हा वैतागला, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीगत मिटणारी गाडी त्यानं स्वतःच केली. १९६५ साली पेटंटचा अर्ज, १९६७ पासून विक्री, वजन तीन किलोच्या आसपास. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजोबाच केला शेवटी. कंपनीला काय कळतंय?" तेव्हापासून ते आपल्याला त्याच घराण्यातले समजतात.

सांगाडा उद्यमनगरात होईलही. सीटचं तसं नाही, आणि हे तात्यांनाही मान्य करावं लागलं. तिला आदळून बघतात, बाळाएवढा पुतळा आत बांधून. त्यात पास झाली तर तिच्यावर एक नारिंगी स्टिकर लागतो. वर्तुळात ई हे अक्षर, खाली नंबर. तो युरोपातला जुना आर-४४ नियम. नवा नियम आर-१२९, तो बाळाच्या उंचीवर चालतो आणि निदान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाला पाठमोरंच बसवायला लावतो. आपलं मानक एआयएस-०७२. मी सेल्समनला विचारलं, "यावर स्टिकर आहे का?"

"आहे सर," तो पुढं सरसावला. "पण टेन्शन नाही, नखानं निघतो."

घरी येऊन हा किस्सा सांगितला, तर समोरच्या काकू गंभीर झाल्या. त्या न्यू जर्सीला लेकीचं बाळंतपण करून आल्या आहेत, आणि तेव्हापासून गल्लीत बाळांच्या बाबतीत अमेरिकेची बाजू त्याच मांडतात. "तिकडं गाडीत सीट असल्याशिवाय दवाखान्यातनं बाळ घरी सोडत न्हाईत."

आई म्हणाली, "आमच्यात बिल भरल्याशिवाय सोडत न्हाईत."

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आईला जास्त लागली. या सीटच्या बुडाला एक तारीख कोरलेली असते, ती उलटली की सीट टाकून द्यायची. प्लॅस्टिक ऊन खाऊन ठिसूळ होतं. साधारण सहा ते दहा वर्षं आयुष्य. आणि कुणाची वापरलेली घ्यायची तर ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री पाहिजे. आमच्या घरचा सागवानी पाळणा माझ्या पणजोबांच्या वेळचा. त्यात माझी आजी आणि आई सोडून सगळे झोपले, त्या सुना म्हणून आल्या एवढंच कारण. त्याला कुणी तारीख विचारली नाही. "दुधाला तारीख असती," आई म्हणाली, "बसायच्या वस्तूला कुठली आलीया तारीख?"

आता चाकांचं. ही चाकं जिथं चालावीत म्हणून घडवली, त्या जागा कोल्हापुरात शोधायला मी मुद्दाम निघालो. महाद्वार रोडवर कडेनं चालायची जागा आहे, पण तिथं आधीच बांगड्या, पर्स आणि कुंकू चालतं. चप्पल लाइनीत चाक शिरलं की दोन्ही बाजूंनी "या ताई" सुरू. अंबाबाईच्या देवळात दगडी पायऱ्या आणि उंबरे आहेत, आणि नवरात्रात तर माणसाला स्वतःचे पायसुद्धा शोधावे लागतात. एकूण, सीट गाडीतून काढून थेट सांगाड्यावर ठेवायची ही जी सोय आहे ना, ती गाडीच्या दारापुढं गुळगुळीत फरसबंदी धरून चालते. आमच्याकडं गाडीच्या दारापुढं दुसऱ्याची गाडी असते.

उरला रंकाळा. तिथं मात्र चाकं धावली. सकाळी मोकळी वाट, संध्यामठावर ऊन यायच्या आत ताईनं फेरी काढली. पण रंकाळ्यावर एकटं कोण फिरतं? पावलोपावली कुणीतरी वाकायचं. अर्धे लोक विचारायचे, "बाळाला बरं न्हाई का?" चाकांच्या गाडीतून ढकलत नेण्याचा आपल्याकडं तोच एक अर्थ. उरलेले अर्धे बाळाला पहिल्यांदा बघत होते, म्हणून रिकाम्या हातानं कसं बघायचं, असं म्हणत मुठीत नोट सारायचे. मूठ लहान, नोटा गाडीच्या कप होल्डरमध्ये साठल्या. दाजींनी त्याच दिवशी रोज फेरी मारायचं ठरवलं.

माझं मत विचाराल तर बाबागाडी ही हौस आहे, सीट ही गरज आहे. एकत्र घेतली तर स्वस्त पडते असं दुकानदार सांगतो, आणि माणूस चाकं बघून भुलतो. चाकांना दिवे लावलेले असले तरी रस्त्यावर आपटल्यावर उपयोग पट्ट्याचाच. म्हणून आधी सीट, तीही आपल्या गाडीत नीट बसते का ते दुकानाच्या दारात बसवून बघून, आणि मग जमलं तर चाकं. हे मी खरेदीच्या वेळीच दाजींना म्हटलं होतं. त्यांनी लगेच गाडी दुकानाच्या दारात आणली, आणि तिथं खरी गंमत सुरू झाली.

आपल्याकडं नवी गाडी आली की आधी अंबाबाई, मग जोतिबा, मग सीट कव्हर. हे कव्हर मागच्या पट्ट्यांची कुलपं पोटात घेऊन शिवलेलं असतं. दाजींच्या गाडीत नव्या पद्धतीच्या आयसोफिक्स कड्याही आहेत. १९९९ सालापासूनचं हे जागतिक मानक: सीटचे दोन आकडे थेट गाडीच्या सांगाड्यातल्या लोखंडी कड्यांत अडकवायचे, पट्ट्याची कटकटच नको. त्या कड्याही कव्हरखाली. दाजींना त्या गाडीत आहेत हेच ठाऊक नव्हतं. आम्ही कव्हर उचकटलं तेव्हा आत भुईमुगाच्या शेंगा, जोतिबाचा गुलाल, एक हरवलेलं पैंजण आणि शेवटी एक कडी सापडली. ताई पैंजण बघून एवढी खूश झाली की कडी बाजूलाच राहिली. कव्हरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मागं पट्टा कोण लावतंय साहेब?"

त्याचं चुकीचं म्हणावं तर पुढं बसलेलेसुद्धा पोलीस दिसल्यावर लावतात. कायदा वेगळं सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा त्याच्यासाठीच्या सीटविना नेलं तर हजार रुपये दंड. दुचाकीवरच्या पोरांसाठी २०२२ मध्ये नियम निघाला, तो पुढच्या वर्षी लागू झाला: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या आत. हा नियम मी बिंदू चौकात उभं राहून तपासून बघितला. बाबा चालवतायत, थोरला पुढं उभा राहून हँडल धरून भोंगा वाजवतोय, आई मागं एका बाजूला पाय टाकून, तिच्या नि बाबांच्या मध्ये धाकटं, आणि हुकला दुपट्यांची पिशवी. नियमातला फक्त वेग पाळला जात होता, तोही गर्दीमुळं.

मांडीचा प्रश्न शेवटी आमच्या सोप्यावर निघाला. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं, पाच किलो भरलं होतं, आणि पुण्याला निघायचं होतं. आजी, म्हणजे माझी आजी, बाळाची पणजी, म्हणाली, "मी मागं बसून मांडीवर घेतो की. एवढी पोरं नेली, एक पडलं न्हाई."

शेजारचे वस्ताद बसले होते. तालमीत आयुष्य गेलेलं, मनगट अजून पोरांच्या पोटरीएवढं. ते म्हणाले, "आज्जी बरोबर बोलतायत. धरायला काय लागतंय? हे हात बघ."

मी काही बोलायच्या आत तात्यांनी दुकानाची पावती उलटी केली आणि खिशातलं पेन काढलं. बाबागाडी फुटकळ वाटली तरी हिशेब त्यांना फुटकळ वाटत नाही. गाडी ताशी पन्नासनं चाललीय, समोर आदळली, सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी आतल्या वस्तूला तिच्या वजनाच्या चौदा पट जोर येतो. "चौदा पंचे सत्तर," तात्या म्हणाले. "वस्ताद, हे पोरगं त्या वेळी सत्तर किलो गटात."

वस्ताद सरसावून बसले. हे त्यांच्या भाषेत आलं होतं.

"हायवेला ऐंशीनं चालली म्हणजे?"

तात्यांनी परत आकडे मांडले. "एकशे दहाच्या पुढं."

"म्हणजे महाराष्ट्र केसरीचा गट," वस्ताद हळू म्हणाले. मग आजीकडं बघून हात जोडले. "आज्जी, बसल्या जागी, मांडीवरनं सुटलेला हेवी वेट गडी खासबागेत मलासुद्धा धरता यायचा न्हाई. पट्टा लावा."

आजीनं वस्तादांचं ऐकलं. कुणी डॉक्टर, इंजिनिअर, जावई बोलला असता तर ऐकलं नसतं.

पाठमोरं बसवायचं मात्र तिला पटलं नाही. "त्याला दिसणार काय? सीटचं कापड?" मी सांगितलं की बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार जड, मान कोवळी. गाडी समोर आदळली की पाठमोऱ्या बाळाचा धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना ही गोष्ट जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून बसतात ते बघून सुचली. १९६४ साली त्यांनी व्होल्वोत तशी सीट बसवून बघितली. आजी म्हणाली, "ते चंद्रावर निघालेले. हे पुण्याला निघालंय." पुढच्या सीटवर बसवू या का, असं मामांपैकी एकानं सुचवलं. तो मी नव्हे, चुलत मामा. पुढं एअरबॅग असते, ती फुटताना पाठमोऱ्या सीटवर नेमकी आदळते, म्हणून सन व्हायजरवर बाळाला फुली मारलेलं चित्र असतं, ते त्याला दाखवलं. त्याच्या गाडीत त्या चित्रावर गणपतीचा स्टिकर आहे.

निघायच्या दिवशी आंघोळ घालणाऱ्या मावशी आल्या. तेल लावून, आंघोळ घालून, ओवा-वावडिंगाची धुरी देऊन त्यांनी बाळ दुपट्यात असं आवळलं की फक्त नाक उरलं. आणि सीटच्या पट्ट्यांपैकी एक दोन पायांमधून येतो! ताईनं दुपटं सोडलं. मावशींनी परत बांधलं. ताईनं परत सोडलं. बाळ हे सगळं गंमत म्हणून बघत होतं. शेवटी पट्टे आधी, दुपटं वरून, असा तह झाला. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून दुमडता येत नाही इतपत घट्ट पाहिजे, असं ताई म्हणाली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मी आवळलं तर पोराला गुदमरतंय, आणि तू आवळलंस तर सेफ्टी?" याला उत्तर नाही. आईनं सीटच्या कडीला काळा दोरा बांधला, बुडाला काजळाची तीट लावली आणि पुढच्या चाकापुढं नारळ फोडला. हे चाक बाबागाडीचं, मोटारीचं नव्हे.

मग बसायची वेळ आली आणि सगळा हिशेब उघडा पडला. गाडी सीएनजीची, डिकीत टाकी. तेव्हा सांगाडा मागच्या सीटवर. त्याच्याशेजारी बाळाची सीट. त्या दोघांच्या फटीत ताई. पुढं आई, चालवायला दाजी. दुपट्यांची, डिंकाच्या लाडवांची आणि कांदा-लसूण चटणीची पिशवी ताईच्या पायांत. आजीला जागा नव्हती. जिच्या मांडीवर सगळं घर वाढलं तिला गाडीत मांडी घालायलाही जागा उरली नाही, हे सगळ्यांना एकदम कळलं आणि सगळे एकदम दुसरीकडं बघायला लागले.

"मी एसटीनं येतो की," आजी म्हणाली. "मला फुकट हाय."

ते खरं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट. तिच्याबरोबर मी निघालो, पूर्ण तिकिटात. मध्यवर्ती बसस्थानकावर आजीला खिडकी मिळाली. कागलपासून साताऱ्यापर्यंत रस्ता सहापदरी करायचं काम चाललंय, त्यामुळं जागोजागी वळसे, धूळ, ट्रकांची रांग. पण एसटीचा ड्रायव्हर त्या वळशांना रोज भेटतो, आणि त्याच्या गाडीत कुणी तान्हं नियम घेऊन बसलेलं नव्हतं. दाजींच्या गाडीत होतं. अशा सीटमध्ये बाळाला सलग दोन तासांच्या वर ठेवू नये, अधूनमधून काढून आडवं निजवावं. दाजींनी हे मनावर घेतलं होतं. किणी टोल नाक्याच्या पुढं एकदा, पेठ नाक्याला एकदा, कराडला पाजायला एकदा. प्रत्येक वेळी सीट खट्‌कन काढायची, आणि ती ठेवायला आधी सांगाडा उलगडायचा. सांगाडा उलगडायला ताईनं बाहेर यायचं. ताईला बाहेर यायला पिशवी बाहेर काढायची.

स्वारगेटला उतरल्यावर आजीनं फोन लावला. तो स्पीकरवरच असतो, तिला कानाला लावलेला आवडत नाही.

"कुठवर आलायसा?"

"साताऱ्यात हाय," आईचा आवाज. "बाळाला जरा मोकळं केलंय."

"मी पोचलो बी. घराची किल्ली कुणाकडं हाय?"

पलीकडं बराच वेळ कुणी बोलेना. मग दाजींचा आवाज आला, "आज्जी, किल्ली गाडीतच आहे. बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात."

आजीनं फोन माझ्या हातात दिला, पदर झटकला आणि स्टँडवर नजर फिरवली. "जा, चहा सांग दोन," ती म्हणाली. "आणि बघ हितं कुठं बिनपट्ट्याचं बसायला मिळतंय काय."